काचेच्या तीन पट्ट्या

वैशाखातल्या ताडकळसमध्ये ओल लपत नाही. सकाळचे आठ वाजले होते. बाजारपट्टीतल्या त्या दुमजली इमारतीचा रंग राखेसारखा कोरडा पडला होता, पण तिच्या ईशान्य कोपऱ्यात जमिनीपासून छज्ज्यापर्यंतचा एक लांबट पट्टा नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखा काळसर दिसत होता. राजनंदिनीला तो गाडीतून उतरतानाच दिसला. ती जवळ गेली आणि तिने तळवा टेकवला. गिलावा थंड होता. बोटभर सिमेंटच्या आड तिच्या आजोबांनी लावलेल्या काचेच्या तीन पट्ट्या होत्या, किंवा आता नव्हत्या.

“काका, हे कुणी केलं?”

शिवप्रसाद ओलं पोतं भिंतीवरून खाली उतरवत होता. पुण्याहून आलेल्या पुतणीकडून शाबासकी मिळेल, अशी एक भाबडी अपेक्षा त्याच्या चेहऱ्यावर होती. “मीच. परवा सितारामला आणून मारून घेतला. दोन दिस झाले पाणी मारायलाव. बघ की, शिवण दिसती का कुठं?”

“पट्ट्या काढल्या?”

“काढायच्या कामून? तशाच दाबल्या आत.”

“आणि आबांना विचारलं?”

“आबा पोखर्णीला गेलेत नरसिंहाला. येतील दहापस्तोर.” त्याने पोतं पिळलं. “एवढं काय झालं गं नंदे? पाव्हणे यायलेत पुण्याहून. घरात पाव्हणा यायचा तर माणूस अंगण सारवून ठेवतो.”

“ते पाहुणे काय बघायला येतायत, माहितीये का तुम्हाला?”

“बिल्डिंग.”

“तडा,” राजनंदिनी म्हणाली. “ते तडा बघायला येतायत, काका.”

शिवप्रसादच्या हातातलं पोतं पाणी गाळत राहिलं.

अरुणोदय सोसायटीच्या पुनर्विकासासाठी पुण्यात तीन विकासकांची नावं उरली होती. दोघांकडे चकचकीत पुस्तिका होत्या, उंच मनोऱ्यांची चित्रं होती, चित्रांत हिरवळीवर धावणारी कुत्री होती. तिसरं नाव दुधाट्यांचं. राजनंदिनीचे आजोबा आश्रुबा दुधाटे अडतीस वर्षं पुण्यात राबले. आधी पाटी वाहणारे मजूर, मग सेंट्रिंगच्या टोळीचे मुकादम, मग थोरल्या मुलाच्या, वैजीनाथच्या, जोडीने कंत्राटदार. त्यांच्या फळ्यांवर ओतलेल्या स्लॅबखाली हजारो माणसं झोपत होती आणि त्यातल्या एकाही इमारतीच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं. म्हणून सोसायटीच्या छाननीत बन्सीधर पाठक नावाच्या निवृत्त अभियंत्याने राजनंदिनीला सरळ विचारलं होतं: तुमच्या स्वतःच्या नावावर उभं असं काय आहे? तिथे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण आजोबांच्या हाताखाली फळ्या मोजत वाढलेली ही मुलगी स्थापत्याची पदवी घेऊनही गोल गोल बोलायला शिकली नव्हती. ती म्हणाली होती: ताडकळसला एक इमारत आहे. ती तडकली होती. तो तडा आम्ही कसा थांबवला, हे भिंतीवर अजून वाचता येतं, येऊन वाचा.

आज ते वाचायला येत होते, आणि पान पुसलेलं होतं.

*

वैजीनाथ परभणी स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन आला तेव्हा साडेदहा झाले होते. वाटेत त्याने कापसाबद्दल, उन्हाबद्दल, सेलूच्या जिनिंगबद्दल बोलून पाहिलं. मागच्या सीटवरून उत्तरं सभ्य आणि तोकडी आली. तीस वर्षं साइटवर ‘हो साहेब’ म्हणत काढलेल्या माणसाला अशी शांतता चटकन ऐकू येते. तिघं आले होते: पाठक, सोसायटीचे चिटणीस पंडित, आणि अध्यक्षा कुसुमबाई. कुसुमबाई निवृत्त शिक्षिका होत्या. पाण्याची बाटली मांडीवर धरून त्या सबंध रस्ता बाहेरची काळी रानं पाहत होत्या. नांगरून टाकलेल्या त्या रानांना भेगा पडलेल्या होत्या, काही तर हात जाईल इतक्या रुंद.

इमारतीपुढे गाडी थांबताच पाठक कोणाशी काही न बोलता थेट ईशान्येच्या कोपऱ्याकडे गेले. वैजीनाथ गाडीची किल्ली काढायची विसरला. या माणसाला कोपरा कोणी सांगितला?

पाठकांनी बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं. मग ते वळले. “राजनंदिनी, तुम्ही म्हणाला होतात, इथे तीन काचा आहेत.”

“होत्या. आहेत. आत आहेत.”

“गिलावा कधीचा?”

“परवाचा.”

“म्हणजे आम्ही येणार हे ठरल्यानंतरचा,” पंडित म्हणाले. आवाजात खेकसणं नव्हतं. नकाराचं पत्र लिहिण्याआधी माणूस जसा पेनाचं टोपण काढतो, तेवढाच शांत हिशेबीपणा होता. “असं आहे वैजीनाथराव, आम्ही अठ्ठेचाळीस कुटुंबं आहोत. तुम्ही एक भिंत झाकलीत. उद्या आमच्या इमारतीच्या पायात काय काय झाकाल, हे आम्ही कुठून बघणार?”

वैजीनाथने मुलीकडे पाहिलं. तूच सांगितलंस? त्या नजरेला तिने मान हलवून उत्तर दिलं. त्याच्या मनात एकाच वेळी दोन माणसं उभी राहिली. एकाला मुलीच्या कानाखाली ओढावीशी वाटली. दुसऱ्याला वाटलं, आपण आयुष्यभर ज्या वाक्याला घाबरलो ते वाक्य हिने चहाच्या कपासारखं सहज समोर ठेवलं.

“चूक माझी हाय,” शिवप्रसाद पुढे झाला. “मी इथं राहतो. गावातले रोज दाखवित्यात, म्हणत्यात, पुण्याला माड्या चढवल्या अन् घरची भिंत फुटली. पंधरा वर्षं ऐकायलाव मी. दादाला, हिला, कुणाला काय ठावं न्हाई. मला वाटलं, तुमच्यापुढं तरी...” वाक्य तिथेच सुटलं.

ही सुटका होती. वैजीनाथला ती स्वच्छ दिसली: धाकटा भाऊ खेडूत, भाबडा, त्याने केलं, आम्ही दिलगीर आहोत. एवढं म्हणून, स्वतःचा फोन गिळून, पाहुण्यांना वर सावलीत नेता आलं असतं. त्याने उन्हात उभ्या त्या भावाकडे पाहिलं. गळ्यात उपरणं, पायाला सिमेंट; आपण पुण्यात असताना या घरावरची सगळी टोमण्यांची झोड ज्याने एकट्याने झेलली तो माणूस आत्ताही पुढे होऊन तेच करत होता.

“त्याचं ऐकू नका,” वैजीनाथ म्हणाला. “मी फोन केला होता त्याला. मीच म्हणलो, तडा दिसू देऊ नको.”

“दादा, तू गप की.”

“तू गप. मी सांगितलं, साहेब. मला लाज वाटली. चाळीस स्लॅब टाकले आम्ही पुण्यात, एकाला पाझर नाही. अन् दाखवायला नेमकी हीच भिंत.”

तेवढ्यात बसथांब्याकडून आश्रुबा आले. शहात्तर वर्षांचे, काठीशिवाय, कपाळावर नरसिंहाचा बुक्का. त्यांनी पाहुण्यांना हात जोडले, भिंतीकडे पाहिलं, मग दोन्ही मुलांकडे. कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

“शिवा,” ते म्हणाले, “छन्नी आन.”

*

छन्नी हातात आली तेव्हा शिवप्रसादला वाटलं होतं, आबा स्वतःच खोदतील. त्यांना जागा पाठ होती. डोळे बांधले तरी त्यांचा हात नेमका पट्टीवर पडला असता. पण आश्रुबांनी हातोडा त्याच्या दुसऱ्या हातात ठेवला आणि बोटाने भिंतीवर तीन जागा दाखवल्या: गुडघ्याशी एक, कमरेशी एक, छातीशी एक. “खालून वर ये. हलक्या हातानं. काकडी सोलायलास असं समज.”

“आबा, तुमीच करा. माझ्या हातानं फुटंल.”

“तुझ्याच हातानं झाकलंय ना?”

दुकानांतली माणसं बाहेर आली होती. खाली बियाण्यांचं दुकान, शेजारी हार्डवेअरचं, वर अभ्यासिका; पोरापोरींनी जिन्यात गर्दी केली होती. शिवप्रसाद उकिडवा बसला. दोनच दिवसांचा कोवळा गिलावा मऊ होता, पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. पहिली पट्टी उघडी झाली. बोटभर रुंद, वीतभर लांब. दोन्ही टोकं सिमेंटच्या टिकल्यांनी भिंतीला घट्ट धरलेली, आडवी, तड्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर टाकलेल्या साकवासारखी. तिच्यावर ऑइलपेंटने तारीख: १४ मे २०११. ती मधोमध, तड्याच्याच रेषेत, सरळ दुभंगलेली होती.

पाठक खाली वाकले. “इमारत कधीची?”

“दोन हजार दहाची,” राजनंदिनी म्हणाली. “पहिल्याच पावसाळ्यात हा कोपरा उचलला गेला. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. काच ताणली की तुटते. तुटली, म्हणजे तडा जिवंत आहे.”

दुसरी पट्टी: ९ जून २०१२. तीही तशीच, सरळ, रेषेत तुटलेली. दोन तुकड्यांच्या मधून ब्लेड आरपार जाईल एवढी फट.

तिसरी छातीशी होती. शिवप्रसाद उभा राहिला. इथे सितारामचा थर जाड बसला होता, आणि काल त्याने स्वतःच पाणी जास्त मारलं होतं, त्यामुळे मसाला धरून बसला होता. त्याने छन्नी तिरपी धरली. एक ठोका, पापुद्रा. दुसरा, पापुद्रा. काचेचं एक टोक चमकलं. शिवप्रसादच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, त्याने मनगटाने तो पुसला, पुन्हा ठोकलं, आणि एक बारीक, कोरडा आवाज झाला. पेन्सिलचं टोक मोडल्यासारखा.

शिवप्रसादने उरलेला गिलावा बोटांनी काढला. ३ जून २०१३. काच फुटलेली होती.

“फुटली,” तो म्हणाला, आणि हातोडा खाली ठेवताना तो जणू वजनदार दगड असावा तसा वाकला. “माझ्या हातानं फुटली, साहेब. आत्ता. तुमी ऐकलं ना आवाज?”

पंडित म्हणाले, “आवाज ऐकला. पण ती आधीच तुटलेली नव्हती, हे कशावरून?”

राजनंदिनीने पाठकांकडे पाहिलं. तिचं म्हणणं तिच्या घराचं म्हणणं ठरणार होतं.

पाठकांनी खिशातून भिंग काढलं. भिंगाच्या कडेला धरलेला त्यांचा डोळा मोठा, ओलसर, जनावराच्या डोळ्यासारखा शांत दिसत होता. ते आधी खालच्या दोन पट्ट्यांशी बसले, मग तिसरीपाशी आले, पुन्हा खाली गेले.

“पंडित, इकडे या,” शेवटी ते म्हणाले. “या दोन बघा. एकच रेघ, तड्याच्या बरोबर वर, काठ सरळ. ओढून तुटलेली काच अशी तुटते. आता ही तिसरी. रेघा कुठून निघतात? वरच्या काठावरून, जिथे छन्नी लागली तिथून. तारा फुटावा तशा चार दिशांनी गेल्यात. तड्याच्या रेषेशी यांचं काहीच नातं नाही. आणि हे बघा.” त्यांनी वहीचं एक पान फाडून त्याचा कोपरा दोन तुकड्यांच्या मधे घालून पाहिला. कागद दुमडला. “जात नाही. कागदसुद्धा जात नाही. भर वैशाख आहे. बाहेरच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा आहेत आणि इथे कागद जात नाही.” त्यांनी भिंग पुसलं. “बारा उन्हाळे आणि बारा पावसाळे ही काच शाबूत होती. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत.”

जिन्यातून कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग शरमून थांबलं.

शिवप्रसाद भिंतीला टेकून खाली बसला. वैजीनाथ त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावरचा सिमेंटचा भुगा झटकत राहिला.

*

आत आश्रुबांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, धपाटे आणि दही वाढलं. कुसुमबाईंनी पहिला घास तोडला आणि हात तसाच ठेवला.

“तुमचं मन जेवणात न्हाई, बाई,” पार्वतीबाई म्हणाल्या.

“माझ्या बहिणीची सोसायटी नऊ वर्षांपूर्वी रिकामी केली,” कुसुमबाई म्हणाल्या. “तीन वर्षांत परत या, म्हणाले. तिथे अजून खड्डा आहे. पावसाळ्यात त्यात बेडूक ओरडतात. बहीण भाड्याच्या घरातच वारली, मागच्या दिवाळीत. काचा वगैरे पाठकांना कळतात. मला कळतं ते एवढंच, की मी माझ्या दाराला कुलूप लावणार, किल्ली कुणाच्या तरी हातात देणार, आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही.”

पार्वतीबाईंनी ओट्यावरचं तूप त्यांच्या पानाशी सरकवलं. “त्यातलं मी तुमाला काय सांगणार. तडा गेला तवा ह्या माणसानं दोन उन्हाळे घरात धड बोलणं केलं न्हाई. जेवायचं, अन् जाऊन काच बघायची. मी म्हणायची, भिंतीशी लग्न लावून घ्या. तर म्हणले, वर दुकानदार बसलेत, पोरं अभ्यास करायलेत, त्यांना काय ठावं खाली काय झालंय. मला ठावं हाय.” त्यांनी पदराला हात पुसले. “ज्याला ठावं हाय त्यानं झोपावं कसं, असं त्यांचं म्हणणं.”

कुसुमबाईंनी धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवला.

जेवण झाल्यावर त्या आश्रुबांसमोर बसल्या. “आबा, मला इंजिनियरिंग नको. एक सांगा. मुळात चुकलं कुठे?”

आश्रुबांनी टोपी मांडीवर काढून ठेवली. “पुण्यात पाया खणायचा म्हणजे चार फुटावर खडक. पंचवीस वर्षं पहार मारली, पंचवीस वर्षं ठण्ण वाजलं. हाताला तीच सवय. इथं आलो, चार-पाच फूट खणलं, माती कडक लागली, उन्हाळाच होता. मला वाटलं, लागलं तळ. मपलीच माती. लहानपणापासून तिच्यात लोळलेलो. अन् मी तिला इसरलो. पुण्याच्या दगडानं माझा हात बहिरा केला होता.”

“आणि मग?”

“मग खाली गेलो. सबंध कोपरा एकदम उघडला असता तर वरचं बसलं असतं. म्हणून तीन फुटाचा घास खणायचा, चौदा फुटावर पक्का मुरूम लागंपस्तोर, तिथून काँक्रीट भरत वर यायचं, ते धरलं की मगच शेजारचा घास. माझ्या टोळीतले जुने चौघं आन् मी. एकदाबी वरचं दुकान बंद केलं न्हाई. तिसरी काच त्याच्यानंतरची.” त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. “पोराबाळांनी झाकलं, ती त्यांची लाज. मी ठेवलं होतं ते मला दिसावं म्हणून.”

*

गावात रेंज गच्चीवरच मिळायची. ऊन माथ्यावर होतं. अभ्यासिकेतल्या पोरींनी दोन चादरी जिन्यावरच्या छपरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणून बांधल्या होत्या आणि त्या निळसर सावलीत सगळे दाटीने उभे होते. पुण्यात अरुणोदयच्या सभागृहात ठरल्याप्रमाणे रविवारी जमलेली माणसं फोनसमोर बसली होती. आश्रुबांना त्या चौकोनात फक्त लहान लहान डोकी दिसत होती, बरीचशी पांढरी.

पाठकांनी पाच मिनिटांत सांगितलं: तीन काचा, दोन कशा तुटल्या, तिसरी कशी. गिलावाही सांगितला. तो सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नाही, आणि वैजीनाथनेही मान खाली घातली नाही.

मग कुसुमबाईंनी फोन घेतला. “कागदावरची सभा पुढच्या महिन्यात सहकार निबंधकांच्या माणसासमोर होईल. आज मला तुमचं मन हवंय. बाकीच्या दोघांनी आपल्याला त्यांच्या सगळ्यांत सुंदर इमारती दाखवल्या. या लोकांनी त्यांची चूक दाखवली. दाखवताना घाबरले, झाकली, आणि मग आमच्यासमोर स्वतःच्या हाताने उघडी केली. माझ्या दाराची किल्ली मी यांना देईन. तुमचं तुम्ही बघा.”

आश्रुबांना वाटलं, चित्र अडकलं. मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. तो बाईचा होता, बांगड्या खाली सरकल्या. मग पुढून दोन. मग डावीकडून कितीतरी एकदम. पिकलेल्या रानातून वारा फिरावा आणि कणसं वर यावीत तसे हात उठत गेले. पंडित ओठांतल्या ओठांत मोजत होते. एकदा चुकले, पुन्हा सुरुवात केली.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण बंद केलं आणि मग, थोडं थांबून, वैजीनाथपुढे हात केला. “अठ्ठेचाळीसात एकोणचाळीस. आमच्याकडे पाण्याच्या टाकीलासुद्धा एवढी मतं पडली नव्हती.”

राजनंदिनी हसता हसता कठड्याला टेकली. वैजीनाथने पंडितांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडायचं विसरला. शिवप्रसाद एका कोपऱ्यात उपरण्याने तोंड पुसत होता, पुसून झालं तरी पुसत होता; पार्वतीबाई त्याला म्हणाल्या, “शिवा, पुण्याला जाताना ते उपरणं बदल. तुला सोडून दादा जात न्हाई आता.” वैजीनाथने लांबूनच मान हलवली: हो.

फोनमधून कोणीतरी म्हणत होतं, आजोबांना दाखवा, त्यांना एकदा बघू द्या. कुसुमबाईंनी तो आश्रुबांच्या हातात दिला. कुठे पाहायचं ते त्यांना समजेना. अडतीस वर्षं त्यांनी माणसांना घरं सोडून जाताना साइटच्या कडेने पाहिलं होतं. टीव्ही, फ्रीज, गाद्या, आणि सगळ्यात शेवटी दारात उभं राहून मागे वळणं. आणि त्यांच्याकडे बघून एकानेही कधी विचारलं नव्हतं, की मुकादम, तुमचं नाव काय. आता एकोणचाळीस हात अजून खाली आले नव्हते.

त्यांनी टोपी सारखी केली.

“मी आश्रुबा दुधाटे,” ते म्हणाले. “सामान बांधायला घाई करू नका. देवघर सगळ्यात शेवटी हालवा. आमी यायलाव.”